एमआरआयने मोजलेला मेंदूचा रक्तप्रवाह: आकड्यावर भरवसा किती ठेवायचा?

प्रश्न असा आहे: एका तरुण न्यूरॉलॉजिस्टकडे ५८ वर्षांचा पेशंट आहे, डावी कॅरोटिड (मानेतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी) जवळजवळ बंद होत आलेली, आणि तक्रार काय तर खुर्चीतून उठून उभं राहिलं की उजवा हात अर्धा मिनिट थरथरतो आणि मग आपोआप थांबतो. एमआरआय केला, त्यात एएसएल सिक्वेन्सपण लावला (इंजेक्शन न देता रक्तप्रवाह मोजायची पद्धत), रिपोर्टमध्ये आलं की डावीकडे सीबीएफ (१०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला मिळणारं रक्त, मिलीत) ३१ आणि उजवीकडे ५२. तर हा ३१ खरा धरायचा का, कॉन्ट्रास्ट देऊन करायला हवं होतं का, आणि एकूणच एमआरआय परफ्युजन (म्हणजे एमआरआयने रक्तप्रवाह मोजणं) रोजच्या कामाचं आहे की नुसतं रिसर्चवाल्यांचं खेळणं?

आधी सरळ उत्तर देतो. ३१ हा आकडा सध्या बाजूला ठेवा. खोटा आहे असं म्हणत नाहीये मी, पण रक्त कमी पोचतंय म्हणून ३१ आलंय की रक्त उशिरा पोचतंय म्हणून ३१ आलंय हे त्या एका आकड्यावरून कळायला मार्ग नाही, आणि या दोन्हीत पेशंटच्या दृष्टीने खूप फरक आहे. गेली अठरा-एकोणीस वर्षं मेंदूचे स्कॅन वाचतोय, सुरुवातीची काही वर्षं मीपण आधी रंगीत मॅपच उघडायचो, निळं म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त, झालं काम. त्या सवयीपायी चांगला तोंडघशी पडलोय, तो किस्सा पुढे सांगतो.

आधी नॉर्मल किती ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं १५ टक्के तरी तो एकटा घेतो. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सरासरी ५० मिली रक्त लागतं, त्यात ग्रे मॅटरला (मेंदूची बाहेरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, यातच येते) ६० ते ८० आणि आतल्या व्हाइट मॅटरला २०-२५च्या आसपास. आता बघा, रिपोर्टमधला ३१ नक्की कुठे मोजलाय? कॉर्टेक्सवर गोल काढला असेल तर निम्म्याने कमी झाला, आणि तोच गोल जरा आत व्हाइट मॅटरवर सरकला असेल तर ३१ म्हणजे उलट भरपूर झाला. रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसतं, फोन करून विचारावं लागतं, आणि विचारा, आम्हाला राग येत नाही. प्रवाह २०च्या खाली गेला की पेशींचं विजेचं काम बंद पडतं, म्हणजे पेशंटला लकवा दिसतो पण पेशी अजून जिवंत असतात, आणि १०-१२च्या खाली गेला की पेशी मरायला लागतात. मधला पट्टा म्हणजे पेनम्ब्रा. पण तोही कायमचा नाही, १८ वर चार-पाच तास काढले तर तिथल्या पेशीपण जातातच.

मोजायचे रस्ते मुख्यतः दोन. (तिसरा डीसीई, तो रक्तवाहिन्या किती गळतात हे सांगतो, त्याचं काम ट्यूमरमध्ये, आत्ता सोडून देऊ.)

पहिला डीएससी. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचा बोलस (एकदम दिलेला डोस) शिरेतून झटक्यात द्यायचा, किलोला ०.१ मिलीमोल, सेकंदाला ४-५ मिलीच्या वेगाने, मागून लगेच सलाइन, आणि मशीन त्या वेळात दर दीडएक सेकंदाला पूर्ण डोक्याचे फोटो काढत राहतं, असं दीड-दोन मिनिटं. गॅडोलिनियम मेंदूतून जाताना सिग्नल धाडकन खाली जातो आणि परत वर येतो, म्हणजे ग्राफवर एक खड्डा तयार होतो. खड्डा किती मोठा त्यावरून रक्ताचं प्रमाण म्हणजे सीबीव्ही, किती उशिरा आला त्यावरून टीमॅक्स, आणि मोठ्या धमनीतल्या खड्ड्याशी गणित करून सीबीएफ. रक्ताला पार व्हायला सरासरी किती वेळ लागला तो एमटीटी, तो म्हणजे सीबीव्ही भागिले सीबीएफ, बास, याच्या पलीकडचं गणित प्रॅक्टिसमध्ये लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा की डीएससीचा सीबीएफ मिलीमध्ये छापून आला तरी तो खरा मिलीतला धरायचा नसतो, कारण धमनीतलं मोजमाप कुठे घेतलं यावर सगळे आकडे वरखाली होतात. डावं विरुद्ध उजवं एवढंच बघायचं. हातातली कॅन्युला बारीक असली की बोलस पसरट होतो आणि सगळा अभ्यास वाया जातो, म्हणून मी टेक्निशियनला आधी विचारतो १८ की २०, त्याहून बारीक असेल तर बदल म्हणतो. रेडिओलॉजिस्टने कॅन्युलाचा नंबर विचारला की लोक हसतात, हसू देत.

दुसरा एएसएल, तुमच्या पेशंटचा. यात इंजेक्शनच नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्याच पाण्याला रेडिओ लहरींनी उलटं करायचं, म्हणजे खूण लावायची, थोडं थांबायचं आणि मग डोक्याचा फोटो घ्यायचा. दुसरा फोटो खूण न लावता. दोन्हींची वजाबाकी केली की जे उरतं ते नुकतंच आत पोचलेलं रक्त. १९९२मध्ये जॉन डेट्रे आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूवर हे करून दाखवलं, रोजच्या कामात यायला मात्र वीसेक वर्षं गेली कारण तो उरलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या जेमतेम १ टक्का असतो. म्हणून तेच तेच चार-पाच मिनिटं परत परत घ्यावं लागतं आणि पेशंटने तेवढ्यात मान हलवली की संपलं.

आणि इथेच तुमच्या ३१ची गाठ आहे. खूण लावलेलं रक्त कायम खुणेचं राहत नाही, ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) साधारण १.६५ सेकंदाच्या हिशोबाने ती खूण विरत जाते, १.५ टेस्लावर त्याहून लवकर. म्हणजे बर्फ हातात घेऊन चालण्यासारखं आहे, जितका उशीर तितका कमी पोचणार. खूण लावल्यावर फोटो काढेपर्यंत जे थांबतात त्याला पोस्ट लेबल डिले म्हणतात, २०१५च्या एकमताच्या गाइडलाइनमध्ये सत्तरच्या आतल्या निरोगी माणसांसाठी तो १८०० मिलिसेकंद आणि त्यावरच्या वयाला आणि प्रौढ पेशंटना २००० सांगितलाय. आता ज्याची कॅरोटिड बंद होत आलीय त्याचं डाव्या बाजूचं रक्त सरळ वाटेने येतच नाही, ते उजवीकडून पुढच्या जोडवाहिनीतून, मागून, डोळ्याच्या मागच्या बाजूने, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक वाहिन्यांतून असं गावभर फिरून येतं. दोन सेकंदात ते पोचलेलंच नसतं. फोटो निघाला तेव्हा ते अजून रस्त्यात आहे. मशीनला हे कळत नाही, मशीन म्हणतं इथे रक्त कमी.

मग ओळखायचं कसं? रंग बंद करा, करडा फोटो लावा. कमी दिसणाऱ्या भागाच्या कडेला किंवा त्यातच चमकणाऱ्या नागमोडी रेषा किंवा ठिपके दिसतात का बघा. दिसले तर खूण लावलेलं रक्त वाहिन्यांमध्येच अडकलंय, पेशींपर्यंत अजून गेलं नाहीये. याला आर्टेरियल ट्रान्झिट आर्टिफॅक्ट म्हणतात, नाव आर्टिफॅक्ट असलं तरी मला ते आवडतं, कारण ते सांगतं की उशिरा का होईना रक्त येतंय, कोलॅटरल, म्हणजे पर्यायी वाटा, चालू आहेत. ज्या कॅरोटिडच्या पेशंटमध्ये नुसता काळोख आहे आणि एकही चमकणारी रेषा नाही तो मला जास्त काळजीचा वाटतो, पण तो काळोखही खरा आहे की नाही हे आधी तपासायचं.

आता तो किस्सा. एका पेशंटचा एएसएल माझ्याकडे आला, पूर्ण उजवी बाजू कॅरोटिडच्या हद्दीत काळी ठिक्कर, हद्द तर पट्टीने आखल्यासारखी. मी तीव्र हायपोपरफ्युजन (रक्त फार कमी) लिहून मोकळा. तासाभरात त्यांच्या डॉक्टरांचा फोन, म्हणाले अहो पेशंट तर मजेत आहे, रुटीन चेकसाठी आलाय, तीन महिन्यांपूर्वी त्याच बाजूला स्टेंट टाकलाय. स्टेंट धातूचा, तो नेमका जिथे रक्ताला खूण लावायची त्या पातळीवर बसलेला, म्हणजे त्या वाहिनीतल्या रक्ताला खूणच लागली नव्हती. रक्त झकास वाहत होतं, फक्त बिनखुणेचं. डिफ्युजन (ताजा मेलेला भाग दाखवणारा सिक्वेन्स) नॉर्मल, अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) नॉर्मल, हे सगळं माझ्यासमोर होतं, मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून एएसएल वाचायच्या आधी मानेचा अँजिओ उघडतो. वाहिनी खूप वाकडीतिकडी असेल आणि खुणेच्या पातळीला आडवी जात असेल तरी असंच होतं. एकाच वाहिनीची पूर्ण हद्द, कडा धारदार, आणि पेशंट ठणठणीत, ही तिन्ही एकत्र दिसली की आधी मशीनवर संशय घ्यायचा.

खेळणं आहे का या प्रश्नाला लोक स्ट्रोकचं उदाहरण देतात, तर स्ट्रोकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्या सहा तासांत मोठी वाहिनी बंद आहे हे दिसलं की परफ्युजनसाठी थांबू नये, तिथे एकेक मिनिट महाग असतं आणि मॅप बघून निर्णय फारसा बदलत नाही. उशिरा आलेल्या पेशंटमध्ये मात्र त्याने चित्रच बदललं. २०१८मध्ये आलेल्या डिफ्यूज ३ ट्रायलमध्ये ६ ते १६ तासांतले पेशंट घेतले होते, मेलेला भाग ७० मिलीपेक्षा कमी, धोक्यातला भाग त्याच्या किमान १.८ पट आणि दोन्हींतला फरक किमान १५ मिली, असे निवडून गुठळी काढली तर ९० दिवसांनी स्वतःच्या पायावर उभे असलेले ४५ टक्के, नुसत्या औषधांवर १७ टक्के. एमआरआयवर मेलेला भाग डिफ्युजनवरून आणि धोक्यातला भाग टीमॅक्स ६ सेकंदांच्या वर, असा हिशोब. हा फरक बघून कोणीही खेळणं म्हणणार नाही.

पण इथेही परत वेळेचाच घोळ आहे. टीमॅक्स म्हणजे उशीर, कमी प्रवाह नाही. तुमच्याच पेशंटला उद्या खरोखर स्ट्रोक झाला, समजा उजवीकडे, तरी डावी बाजू टीमॅक्सवर रंगीत दिसणारच कारण तिथे महिनोन्महिने रक्त उशिरा येतंय. सॉफ्टवेअर सगळं एकत्र जोडून मोठा मिसमॅच (धोक्यातला आणि मेलेला भाग यांतला फरक) छापतं आणि रात्री दोन वाजता तो आकडा बघून निर्णय घेणारा माणूस फसतो. हृदय कमजोर असलेल्या किंवा फिब्रिलेशनच्या (ठोके अनियमित झालेल्या) पेशंटमध्ये तर दोन्ही बाजूंना उशीर दिसतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या आकड्याआधी बोलसचा ग्राफ बघा, धमनीचा खड्डा टोकदार आहे की पसरट, पसरट असेल तर पुढचं सगळं जपून वाचा, लगेच विश्वास ठेवू नका. आणि उठल्यावर लक्षात आलेला स्ट्रोक असेल तर २०१८च्याच वेक-अप ट्रायलने दाखवलं की डिफ्युजनवर दिसतंय आणि फ्लेअर या दुसऱ्या सिक्वेन्सवर अजून दिसत नाही एवढ्यावरपण गुठळी विरघळवायचं औषध देता येतं, तिथे परफ्युजन लागलंच नाही.

ट्यूमरमध्ये गंमत अशी की तिथे आपल्याला प्रवाहापेक्षा रक्ताचं प्रमाण हवं असतं, सीबीव्ही, कारण वाईट ट्यूमर नव्या वाहिन्या उगवतो. मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या नॉर्मल व्हाइट मॅटरशी तुलना करून गुणोत्तर काढतात, ग्लायोमात (मेंदूच्या आधार-पेशींचा ट्यूमर) १.७५ हा आकडा फार वापरला जातो, त्याच्या वर गेला की हाय ग्रेडचा, म्हणजे जास्त घातक असल्याचा, संशय. संशयच हं, कारण ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हा ग्लायोमाचाच एक प्रकार लो ग्रेड असूनही वाहिन्यांनी गच्च भरलेला असतो आणि या आकड्याला हमखास फसवतो. उलट लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) वाईट असूनही सीबीव्हीत फार उसळी मारत नाही. आणि वाहिन्या गळक्या असल्या की गॅडोलिनियम बाहेर सांडतं आणि ग्राफ परत वर येताना मूळ पातळीच्याही वर जातो, मग सॉफ्टवेअर सीबीव्ही कमी दाखवतं, म्हणजे जिथे जास्त हवा तिथेच कमी. त्यासाठी आधी एक डोस देऊन ठेवतात किंवा फ्लिप अँगल (मशीनचं एक सेटिंग) कमी ठेवतात आणि लीकेज करेक्शन लावतात. रिपोर्टमध्ये करेक्शन लावलं की नाही हे नसेल लिहिलं तर सीबीव्ही कमी आहे या वाक्याला काही किंमत नाही. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसते तेव्हा ती खरी वाढ की स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे उपचारामुळे दिसणारी खोटी वाढ, हे ठरवायला मला परफ्युजन सगळ्यात जास्त कामी आलंय, तरी एका स्कॅनवर मी शपथ घेत नाही, सहा-आठ आठवड्यांनी तेच प्रोटोकॉल लावून परत बघतो.

एएसएलची एक जागा आहे जिथे तो बाकी सगळ्यांना मागे टाकतो, ती म्हणजे ड्युरल फिस्टुला. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरांमध्ये, म्हणजे सायनसमध्ये, एएसएलवर कधी काही चमकता कामा नये, कारण खूण लावलेलं रक्त तिथे पोचेपर्यंत खूण संपलेली असते. चमकलं म्हणजे धमनीतून थेट शिरेत शॉर्टकट आहे. कानात ठोके ऐकू येतात म्हणून आलेल्या, बाकी एमआरआय नॉर्मल वाटणाऱ्या पेशंटमध्ये एवढ्या एका ठिपक्यावरून निदान झालेलं बघितलंय. फिट चालू असताना किंवा नुकती थांबल्यावर तो भाग जास्त रक्त ओढतो आणि नंतर उलट कमी पडतो, मायग्रेनच्या ऑरामध्ये (डोकेदुखीआधी चमक दिसणं, मुंग्या येणं वगैरे) कमी प्रवाहाचा पट्टा एका वाहिनीच्या हद्दीत न राहता पसरतो, म्हणून स्ट्रोकपासून वेगळा काढता येतो. डिमेन्शियात अल्झायमरचा मागच्या सिंग्युलेट आणि पराइटल या मेंदूच्या भागांतला कमी प्रवाहाचा पॅटर्न दिसतो खरा, पण पेट (PET) स्कॅन करायची सोय असेल तर मी तोच सांगेन.

आकड्यांबद्दल अजून एक, जे कोणी विचारत नाही. पेशंट ॲनिमिक असेल तर सीबीएफ वर जातो, कारण पातळ रक्तातून तेवढाच ऑक्सिजन द्यायला जास्त रक्त लागतं. घाबरून जोरजोरात श्वास घेत असेल तर कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि सीबीएफ खाली येतो, कार्बन डायऑक्साइडच्या दाबात पाऱ्याच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण ३-४ टक्के. कॉफी पिऊन आला तरी खाली. म्हणून आज ४८ आणि सहा महिन्यांनी ४२ आलं म्हणून काही बिघडलं असं धरू नका. डावं-उजवं मात्र एकाच वेळी, एकाच रक्ताचं, एकाच श्वासाचं असतं, ती तुलना टिकते.

आता परत तुमच्या पेशंटकडे. उभं राहिल्यावर हात थरथरणं ही फिट नाही, ही रक्त कमी पडल्याची खूण असते, लिंब शेकिंग टीआयए (टीआयए म्हणजे थोड्या वेळात आपोआप ओसरणारा स्ट्रोकसारखा झटका), आणि आकड्यापेक्षा मी या तक्रारीला जास्त वजन देतो. वाहिनी अरुंद झाली की मेंदू आधी पुढच्या वाहिन्या रुंद करतो, त्यामुळे सीबीव्ही वाढतो, एमटीटी वाढतो, पण सीबीएफ टिकून राहतो. अजून रुंद करायला जागा उरली नाही की मग सीबीएफ पडायला लागतो. तुम्हाला खरा प्रश्न हा विचारायचाय की राखीव ताकद उरलीय का. त्यासाठी आधी साधं करा, एएसएल परत करा पण एका डिलेवर नको, चार-पाच वेगवेगळ्या डिलेवर, म्हणजे रक्त किती उशिरा येतं त्याचापण मॅप मिळतो आणि त्या उशिराची भरपाई करून सीबीएफ निघतो. त्यात ३१चा ४५ झाला तर बराचसा उशीरच होता. ही सोय नसेल तर एक जास्त लांब डिले, २५००-३०००, सिग्नल कमी येईल पण डावी बाजू भरून आली की समजलं. कॉन्ट्रास्टचा डीएससीही चालेल, किडनी ठीक असेल तर, ईजीएफआर (किडनीच्या कामाचा आकडा) ३०च्या खाली असेल तर विचार करून आणि मॅक्रोसायक्लिक एजंटच (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारा प्रकार), पण डीएससीपण उशिराला पूर्ण सुटलेला नाही, फक्त तिथे सीबीव्ही आणि टीमॅक्स हाताशी मिळतात एवढा फायदा.

त्यानंतर ॲसिटाझोलामाइड, मेंदूच्या वाहिन्या रुंद करणारं औषध. शिरेतून १ ग्रॅम, १५-२० मिनिटांनी परत एएसएल. निरोगी मेंदूत प्रवाह चांगला वाढतो. डावीकडे वाढला तर राखीव ताकद आहे. वाढला नाही तर संपत आलीय, आणि उलट कमी झाला, म्हणजे चांगल्या बाजूने रक्त ओढून घेतलं, तर तो स्टील (steal, म्हणजे रक्ताची चोरी), आणि अशा पेशंटला मी व्हॅस्क्युलरवाल्यांकडे लगेच पाठवतो. सल्फाची ॲलर्जी विचारा, नुकता स्ट्रोक झाला असेल तर हे करू नका, आणि टेस्ट चालू असताना शेजारी डॉक्टर हवा कारण याच पेशंटमध्ये तेव्हाच लक्षणं येऊ शकतात. पुढे स्टेंट किंवा एन्डार्टरेक्टमी (कॅरोटिड उघडून आतला अडथळा काढायचं ऑपरेशन) झाली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत एएसएल घ्या (स्टेंट असेल तर खुणेची पातळी स्टेंटच्या वर किंवा खाली सरकवायला सांगून, माझ्यासारखं करू नका), कारण ज्यांची राखीव ताकद संपलेली असते त्यांच्यातच नंतर प्रवाह आधीच्या दुपटीच्या वर जाऊन डोकेदुखी, फिट, रक्तस्राव असा हायपरपरफ्युजनचा त्रास जास्त होतो.

रिक्वेस्ट फॉर्मवर नुसतं एमआरआय ब्रेन विथ परफ्युजन लिहू नका. डावी कॅरोटिड अरुंद, उभं राहिल्यावर उजवा हात थरथरतो, उशीर आहे की कमी प्रवाह ते हवंय, मल्टी डिले करा, मानेचा अँजिओ जोडा, एवढं लिहा, म्हणजे मशीनवर बसलेल्याला काय शोधायचं ते कळेल. आणि हा सगळा खटाटोप होईपर्यंत पेशंटचं बीपी १५०-१६० असेल तर ते झटपट १२०वर आणायची घाई करू नका, कारण डावीकडे रक्त त्याच दाबावर पोचतंय, आणि बसून आणि उभं करून दोन्ही बीपी आजच मोजून घ्या.